दिल्लीतील उड्डाण खोळंबा आणि संदेशांची न दिसणारी वाट

दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी आठशेहून अधिक उड्डाणांना विलंब झाला. हिवाळ्यात दिल्लीची विमाने रखडणे ही नवलाची बाब नाही. दाट धुक्यामुळे असे दरवर्षी घडते आणि प्रवासीही त्याची तयारी ठेवतात. त्या शुक्रवारी मात्र कारण हवामानाचे नव्हते. धावपट्ट्या, रडार किंवा वैमानिकांशी बोलण्याचा रेडिओ यांपैकी कशातही बिघाड नव्हता. बंद पडली होती ती संदेशांची ने-आण करणारी एक संगणक यंत्रणा. ‘ऑटोमॅटिक मेसेज स्विचिंग सिस्टिम’, अर्थात स्वयंचलित संदेश वितरण यंत्रणा, हे तिचे नाव. त्या दिवसापर्यंत विमान वाहतूक क्षेत्राबाहेर हे नाव फारसे कोणी ऐकलेही नव्हते.

भारतीय विमानतळ प्राधिकरणाने दिलेल्या माहितीनुसार हा दोष आदल्या दिवशी, ६ नोव्हेंबरला लक्षात आला. नागरी विमान वाहतूक सचिवांनी प्राधिकरणाचे अध्यक्ष आणि इतर अधिकाऱ्यांसमवेत तातडीची बैठक घेतली, यंत्रणेच्या निर्मात्याला पाचारण करण्यात आले आणि उड्डाण आराखडे हाताने हाताळण्यासाठी जादा कर्मचारी नेमण्यात आले. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सार्वजनिक उपक्रमाचे अभियंतेही दुरुस्तीच्या ठिकाणी होते. यंत्रणा पुन्हा सुरू झाल्यावरही साचलेल्या कामामुळे काही काळ विलंब होत राहील, असे प्राधिकरणाने स्पष्ट केले होते. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी बिघाडाच्या मूळ कारणाचा सविस्तर शोध घेण्याचे आणि पर्यायी सर्व्हरची तरतूद करण्याचे निर्देश दिले. कोणतेही विमान संकटात सापडले नाही. तथापि, दिवसाला दीड हजारांहून अधिक उड्डाणे हाताळणारा देशातील सर्वांत गजबजलेला विमानतळ संदेश वेळेवर न पोहोचल्याने अडखळू शकतो, ही गोष्ट त्या दिवशी प्रथमच सर्वसामान्यांच्या लक्षात आली.

विमान आकाशात झेपावण्यापूर्वी त्याचे कागदावरचे रूप झेपावलेले असते. पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या विमानाचे उदाहरण घेऊ. विमान कंपनीच्या परिचालन कक्षातील अधिकारी उड्डाणापूर्वी एक आराखडा तयार करतो. उड्डाणाची खूण, विमानाचा प्रकार, त्यावरील दळणवळणाची आणि दिशादर्शनाची साधने, निघण्याचे ठिकाण आणि वेळ, वेग, उंची, मार्गावरील एकेक बिंदू, गंतव्य विमानतळ, तिथवर लागणारा कालावधी आणि गंतव्य स्थानी उतरता न आल्यास पर्यायी विमानतळ असा सारा तपशील त्यात ठराविक क्रमाने नोंदवलेला असतो. वेळ भारतीय नसते. पुण्याच्या घड्याळात सकाळचे नऊ वाजले असतील तेव्हा संदेशात ‘०३३०’ असे लिहिले जाते, कारण जगभरच्या विमान वाहतुकीचे घड्याळ एकच आहे आणि ते भारताच्या साडेपाच तास मागे चालते. विमानात माणसे किती आणि इंधन किती तास पुरेल, ही नोंदही आराखड्यात असते. परंतु ती सर्वसाधारणपणे पुढे पाठवली जात नाही. आराखडा दाखल करणाऱ्याकडेच ती राहते आणि विमान बेपत्ता झाले, तर शोध आणि बचाव कार्यासाठी मागवली जाते. नियमावली लिहिणाऱ्यांनी अशुभाचाही विचार करून ठेवला आहे.

हा आराखडा वाटेवरील प्रत्येक नियंत्रण केंद्रापर्यंत पोहोचणे आवश्यक असते. भारताच्या हवाई क्षेत्राचे दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई असे चार प्रमुख उड्डाण माहिती विभाग आहेत. पुण्याचे विमान मुंबईच्या विभागातून निघून दिल्लीच्या विभागात शिरते, त्यामुळे दोन्हीकडे त्याची वर्दी आधी जावी लागते. शिवाय भारतात बहुतेक उड्डाणांना हवाई संरक्षणाच्या दृष्टीने परवानगीचा एक क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राचा दुसरा क्रमांक घ्यावा लागतो. हे क्रमांकही आराखड्याच्या आधारेच दिले जातात. ही सर्व पत्रे योग्य पत्त्यावर, योग्य क्रमाने, क्षणार्धात पोहोचवणारा टपालखात्यातील वर्गणीकार म्हणजे ही संदेश वितरण यंत्रणा. आलेला संदेश ती तपासते, नोंदवून ठेवते, पत्ते वाचते आणि ज्याचा त्याला देते. नियंत्रकांसमोरच्या पडद्यावर रडारच्या ठिपक्याशेजारी उड्डाणाची खूण आणि त्याचा मार्ग आपोआप उमटतो, तो याच आराखड्यांच्या बळावर.

दिल्लीत नेमका हाच दुवा तुटला. आराखडे आपोआप येईनात, तेव्हा कर्मचाऱ्यांना ते एकेक करून हाताने भरावे लागले. एका आराखड्याला काही मिनिटे लागणे ही एरवी तक्रारीची बाब नसती. परंतु दिवसाला दीड हजार उड्डाणे म्हणजे सरासरी मिनिटाला एकापेक्षा जास्त. त्यात हाताने लिहिलेल्या मार्गात एखादे अक्षर चुकले, तर नियंत्रकापुढे चुकीचे चित्र उभे राहणार. म्हणून भरलेले पुन्हा तपासायचे. ज्या गतीने माणूस निश्चिंतपणे काम करू शकतो, त्या गतीवर विमानतळ येऊन थांबला. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता आणि त्याचे श्रेय रात्रभर बसून काम करणाऱ्या नियंत्रकांना आणि दळणवळण कर्मचाऱ्यांना दिले पाहिजे.

झळ दिल्लीपुरती राहिली नाही. मुंबई विमानतळानेही त्या दिवशी प्रवाशांसाठी सूचना प्रसृत करून दिल्लीतील बिघाडामुळे उड्डाणांना विलंब होऊ शकतो, असे कळवले. याचे कारण विमानांच्या फेऱ्यांत आहे. सकाळी दिल्लीहून मुंबईला आलेले विमान दुपारी नागपूरला आणि संध्याकाळी गोव्याला जाते. पहिल्या फेरीला झालेला उशीर दिवसभर त्याच्या पाठीमागे फिरतो. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने विलंबाच्या कारणांसाठी दोन अंकी सांकेतिक क्रमांक ठरवून दिले आहेत. त्यांत ९३ हा क्रमांक ‘आधीच्या फेरीचे विमान उशिरा आले’ यासाठी आहे. प्रवाशाला तिकीट खिडकीवर मिळणारे ‘तांत्रिक कारण’ हे उत्तर संदेशात इतक्या काटेकोरपणे नोंदवलेले असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

आता ही यंत्रणा मुळात इतकी जुन्या वळणाची का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. ज्या काळात टेलिप्रिंटर खडखडत होते, त्या काळात या संदेशांची घडण ठरली. १९४४ मध्ये शिकागो येथे झालेल्या कराराने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा पाया घातला गेला आणि पुढे देशोदेशींच्या विमानतळांना जोडणारे तारयंत्रांचे जाळे उभे राहिले. ‘स्थिर वैमानिकी दूरसंचार जाळे’ असे त्याच्या नावाचे भाषांतर करता येईल. कानाला जड वाटले तरी ते नेमके आहे, कारण उडत्या विमानाशी नव्हे, तर जमिनीवरील स्थिर केंद्रांमध्ये संदेश वाहून नेण्यासाठीच ते निर्माण झाले. कागदाच्या रुंदीला पुरतील अशी ओळीत जास्तीत जास्त ६९ अक्षरे, एका संदेशाच्या मजकुरात जास्तीत जास्त १८०० अक्षरे, सगळी रोमन मोठी लिपी, आरंभी ‘झेडसीझेडसी’ आणि शेवटी ‘एनएनएनएन’ ही खूण. पत्ता आठ अक्षरांचा. त्यातली पहिली चार ठिकाणाची. मुंबईची ‘व्हीएबीबी’, पुण्याची ‘व्हीएपीओ’, दिल्लीची ‘व्हीआयडीपी’. पुढची अक्षरे त्या ठिकाणच्या कार्यालयाची. प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर दोन अक्षरांचा प्राधान्यक्रम असतो. ‘एसएस’ म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, ‘डीडी’ म्हणजे तातडीचे, ‘एफएफ’ म्हणजे उड्डाण सुरक्षेशी निगडित, ‘जीजी’ आणि ‘केके’ त्यानंतरचे. उड्डाण आराखडा ‘एफएफ’ या वर्गात मोडतो. टेलिप्रिंटर गेले, त्यांच्या जागी संगणक आले, तारांच्या जागी इंटरनेटच्या धर्तीवरील जाळी आली; पण पत्त्याची आणि मजकुराची ही ठेवण पुष्कळशी तशीच राहिली.

विमान कंपन्यांनी आपल्या व्यवहारासाठी दुसरी वाट तयार केली. १९४९ मध्ये अकरा विमान कंपन्यांनी एकत्र येऊन ‘सिटा’ ही सहकारी संस्था स्थापन केली. प्रत्येकाने स्वतंत्र तारा टाकण्यापेक्षा एक सामायिक जाळे वापरावे, हा त्यामागचा हेतू. तेथे पत्ता सात अक्षरांचा आहे. शहराची तीन, विभागाची दोन आणि कंपनीची दोन. येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. शहरांची नावे बदलली, मुंबई, चेन्नई, कोलकाता अशी अधिकृत झाली, तरी या संदेशांत मुंबई अजून ‘बीओएम’ आणि चेन्नई ‘एमएए’ याच नावाने ओळखली जाते. लक्षावधी संदेश ज्या खुणेवर धावतात, ती खूण बदलणे शासकीय पाटी बदलण्याइतके सोपे नसते.

या वाटेवरून जाणारा सर्वांत परिचित संदेश म्हणजे विमानाच्या हालचालीचा. ‘एमव्हीटी’ ही त्याची शीर्षखूण. उड्डाण क्रमांक, तारीख, विमानाची नोंदणी आणि स्थानक, मग विमान जागेवरून हलल्याची आणि जमीन सोडल्याची वेळ, पुढे पोहोचण्याची अपेक्षित वेळ, विलंब झाला असल्यास त्याचा सांकेतिक क्रमांक आणि मिनिटे, शेवटी प्रवासीसंख्या. चार-पाच ओळींत सर्व काही आले. याच ओळी वाचून पुढच्या विमानतळावर शिडी, सामानाच्या गाड्या आणि इंधनाचे टँकर यांची जुळवाजुळव होते. त्याच्या जोडीला सामानाच्या आणि वजनाच्या वाटणीचा स्वतंत्र संदेश जातो. हे सारे पूर्वी कारकून टंकित करीत असत. १९७८ पासून अमेरिकेत विमानानेच स्वतः संदेश पाठवण्याची ‘एकार्स’ ही पद्धत सुरू झाली. जागेवरून हलणे, जमीन सोडणे, जमिनीला टेकणे आणि जागेवर येऊन थांबणे या चार वेळा विमानातील संगणक दरवाजे आणि चाके यांच्या स्थितीवरून ओळखतो आणि कळवतो. कर्मचाऱ्यांचा मोबदला उड्डाणाच्या वेळेवर अवलंबून असल्याने या चार वेळांची अचूक नोंद हा कंपन्यांच्या दृष्टीने हिशेबाचा विषय होता. हिशेबासाठी आणलेली ही सोय पुढे कितीतरी गंभीर प्रसंगी उपयोगी पडली.

रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळले. विमानात २२८ जण होते. विमानाच्या ध्वनिमुद्रण आणि माहिती नोंदवणाऱ्या पेट्या समुद्रतळाशी गेल्या आणि त्या हाती लागायला २०११ चा मे महिना उजाडला. त्या दोन वर्षांत तपास अधिकाऱ्यांपाशी होते ते विमानाने शेवटच्या पाच मिनिटांत आपोआप पाठवलेले देखभालविषयक २४ संदेश. वेगमापकांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नसल्याचा सुगावा त्यांतूनच लागला. मलेशिया एअरलाइन्सचे २३९ जणांसह निघालेले विमान ८ मार्च २०१४ रोजी बेपत्ता झाले. त्याचा अखेरचा ‘एकार्स’ संदेश मलेशियातील वेळेनुसार मध्यरात्रीनंतर १ वाजून ७ मिनिटांनी आला. अर्ध्या तासाने अपेक्षित असलेला पुढचा संदेश आलाच नाही. तरीही उपग्रहाशी होणारी केवळ ‘मी आहे’ एवढेच सांगणारी देवाणघेवाण सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत चालू राहिली आणि तिच्यावरून विमान हिंदी महासागराच्या दक्षिण भागात गेल्याचे अनुमान काढता आले. मजकूर नसलेला संदेशही साक्षीदार ठरू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण सापडणार नाही.

संदेशांचे हे मोल पाहता त्यांची वाहतूक करणाऱ्या यंत्रणांकडे तेवढेच लक्ष दिले जाते का, हा खरा प्रश्न आहे. दिल्लीची घटना एकाकी नाही. विमान वाहतुकीत अग्रेसर समजल्या जाणाऱ्या दोन देशांत त्याआधी दोन वर्षांपूर्वी असेच घडले होते.

११ जानेवारी २०२३ च्या पहाटे अमेरिकेत देशांतर्गत सर्व उड्डाणे काही काळ रोखून धरण्यात आली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर देशभरातील उड्डाणे थांबवण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. तेथे बंद पडली ती वैमानिकांना धोक्याच्या सूचना देणारी ‘नोटाम’ यंत्रणा. अमुक धावपट्टी बंद आहे, तमुक दिवा विझला आहे, अशा सूचना वाचल्याशिवाय वैमानिकाने निघायचे नसते. प्रमुख माहितीसाठा आणि राखीव माहितीसाठा यांचा मेळ घालताना कंत्राटी कर्मचाऱ्यांकडून अनवधानाने काही फाइली पुसल्या गेल्या, असे तेथील विमान वाहतूक प्रशासनाने नंतर जाहीर केले. हजारो उड्डाणे उशिरा गेली आणि तेराशेच्या आसपास रद्द झाली. या ‘नोटाम’च्या लघुरूपाचा विस्तारही तेथे २०२१ मध्ये बदलला होता आणि २०२५ मध्ये पुन्हा पूर्वीसारखा करण्यात आला. नावाची चर्चा जितकी झाली, तितकी त्यामागच्या जुन्या संगणकांची त्यापूर्वी झाली असती तर बरे झाले असते.

ब्रिटनमधील प्रसंग अधिक बोलका आहे. २८ ऑगस्ट २०२३ हा तेथे सुट्टीचा सोमवार होता. त्या सकाळी लॉस एंजलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा आराखडा युरोपच्या मध्यवर्ती केंद्राकडून ब्रिटनच्या हवाई नियंत्रण संस्थेकडे आला. विमान ब्रिटनच्या आकाशातून केवळ पार होणार होते. आराखड्यात काहीही चूक नव्हती. मात्र त्याच्या मार्गावर ‘डीव्हीएल’ याच तीन अक्षरांचे दोन बिंदू होते. एक अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात डेव्हिल्स लेक येथे, दुसरा फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोव्हिल येथे. परस्परांपासून सुमारे चार हजार सागरी मैल दूर. ब्रिटिश यंत्रणा विमान आपल्या हद्दीतून बाहेर कोठे पडते, याचा शोध घेत होती. तिला हवा होता फ्रान्समधील बिंदू, सापडला अमेरिकेतील. त्यामुळे विमान ब्रिटनमध्ये शिरण्यापूर्वीच तेथून बाहेर पडल्यासारखे दिसू लागले. यंत्रणेला हा तिढा सोडवता आला नाही. चुकीची माहिती नियंत्रकांपुढे जाऊ नये, या हेतूने ठरवून दिल्याप्रमाणे ती स्वतःहून बंद झाली. लगेच राखीव यंत्रणेने सूत्रे हाती घेतली. तिला तोच संदेश मिळाला, तिच्यातही तेच सॉफ्टवेअर होते, म्हणून तीही त्याच जागी अडली. या सगळ्याला वीस सेकंदही लागले नाहीत.

त्यानंतर जे झाले, ते दिल्लीशी मिळतेजुळते आहे. साठवून ठेवलेले आराखडे चार तास पुरतात. त्या अवधीत दोष सापडला नाही, तेव्हा हाताने काम सुरू झाले आणि ताशी सुमारे साठ आराखडे एवढीच गती राहिली. संबंधित अभियंता घरून यंत्रणेशी जोडला जाऊ शकला नाही आणि त्याला प्रत्यक्ष येऊन पोहोचायला दीड तास लागला. एकट्या त्या दिवशी दीड हजारांवर उड्डाणे रद्द झाली. सात लाखांहून अधिक प्रवाशांना याचा फटका बसला, असे ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने नेमलेल्या स्वतंत्र समितीने म्हटले. या समितीचा अंतिम अहवाल नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध करण्यात आला. दोन बिंदूंच्या नावांपासून अभियंत्याच्या प्रवासापर्यंत सगळे त्यात आहे. आज जगातील कोणत्याही देशाच्या अभियंत्याला तो वाचून आपली यंत्रणा तपासता येते.

भारतात याबाबत अपेक्षा कोणती असावी, हे यावरून ठरवता येईल. सर्वप्रथम राखीव यंत्रणेचा विचार. मंत्र्यांनी पर्यायी सर्व्हरचा उल्लेख केला, तो आवश्यकच आहे. यंत्राचा सुटा भाग निकामी झाला, तर दुसरा सर्व्हर उपयोगी पडतो. परंतु दोष सॉफ्टवेअरमध्ये असेल तर त्याच सॉफ्टवेअरचे आणखी चार सर्व्हर ठेवूनही तो टळत नाही. ब्रिटनमध्ये वीस सेकंदांत हेच दिसले. निराळ्या रचनेची, शक्य तर निराळ्या ठिकाणची दुसरी वाट असणे महत्त्वाचे. देशात अशी चार प्रमुख केंद्रे आहेत. मुंबई हे तर परदेशांशी संदेश जोडणारे देशातील जुने आणि प्रमुख केंद्र आहे. एका केंद्राचा भार दुसऱ्याने काही तास उचलावा आणि वर्षातून ठराविक वेळा त्याची रंगीत तालीम व्हावी, ही मागणी खर्चाच्या दृष्टीनेही आवाक्याबाहेरची नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. हाताने आराखडे हाताळता येणारे कर्मचारी त्या दिवशी उपलब्ध होते, म्हणून विमानतळ बंद न पडता मंदावला. परंतु ही हातोटी वापराविना राहिली की हरवते. टेलिप्रिंटरच्या काळात उमेदवारी केलेली पिढी आता सेवेतून निवृत्त झाली आहे. नव्या पिढीला पडद्यावर आयत्या मिळालेल्या नोंदींची सवय आहे आणि त्यात तिचा दोष नाही. हवाई वाहतूक नियंत्रकांच्या संघटनेने जुलै २०२५ मध्येच, म्हणजे बिघाडाच्या चार महिने आधी, संसद सदस्यांना पत्र लिहून दिल्ली आणि मुंबई येथील स्वयंचलित यंत्रणांच्या घसरत्या कार्यक्षमतेकडे लक्ष वेधले होते. त्या पत्राचा रोख आणि नोव्हेंबरमधील दोष यांचा थेट संबंध जोडण्याची घाई करू नये. तरीसुद्धा, दररोज यंत्रणेसमोर बसणाऱ्यांचे म्हणणे कोणापर्यंत पोहोचते आणि त्यावर कोण उत्तर देते, हे विचारणे गैर ठरणार नाही.

उत्तरदायित्वाचा मुद्दा सामान्य प्रवाशाच्या खिशापर्यंत येतो. दिल्लीचा विमानतळ खाजगी कंपनी चालवते. हवाई वाहतूक नियंत्रण मात्र भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. विमान कंपन्या या सेवेसाठी प्राधिकरणाला दिशादर्शन आणि अवतरण सुविधांचे शुल्क भरतात. ते शुल्क अखेर तिकिटातूनच वसूल होते. उड्डाण रद्द झाल्यास किंवा लांबल्यास प्रवाशांना कोणत्या सुविधा द्याव्यात, याचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने केलेले आहेत. परंतु विलंब स्पष्टपणे हवाई वाहतूक नियंत्रणामुळे झाला असेल, तर विमान कंपनीवर भरपाईचे बंधन राहत नाही, असेही त्यात नमूद आहे. कंपनीच्या दृष्टीने हे न्याय्य आहे. जी यंत्रणा तिच्या ताब्यात नाही, तिच्या बिघाडाचा दंड तिने का भरावा? पण मग ७ नोव्हेंबरला ज्याची मुलाखत, शस्त्रक्रियेची वेळ किंवा परदेशचे पुढचे विमान हुकले, त्याने कोणाकडे पाहायचे? ज्याने शुल्क घेतले, त्याच्याकडे भरपाई मागण्याची सोय त्या नियमांत नाही. ब्रिटनमध्येही हाच वाद झाला. प्रवाशांच्या भोजनाचा आणि निवासाचा खर्च विमान कंपन्यांना सोसावा लागला आणि दोष ज्यांच्याकडे होता ती नियंत्रण संस्था नामानिराळी राहिली, अशी कंपन्यांची तक्रार होती. भरपाई देणे शक्य नसेल, तर निदान संपूर्ण स्पष्टीकरण देणे तरी शक्य असते.

देशातील हवाई वाहतूक ज्या वेगाने वाढत आहे, तो पाहता हा विषय पुढे ढकलता येण्यासारखा नाही. नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. एकाच महानगराच्या आकाशात आता दोन मोठे विमानतळ आहेत. धावपट्टी वाढली, प्रवासी कक्ष वाढला, ही वाढ डोळ्यांना दिसते, तिची छायाचित्रे निघतात, फिती कापल्या जातात. दोन विमानतळांवरून निघणारी विमाने परस्परांच्या मार्गात येऊ नयेत म्हणून जो अतिरिक्त संदेशव्यवहार होतो, तो कोणत्याही समारंभात दिसत नाही. अंदाजपत्रकात मागे पडण्याचा धोका असतो तो अशाच कामांना.

दरम्यान, उड्डाण आराखड्यांचे स्वरूपच बदलण्याची तयारी जगभर सुरू झाली आहे. टेलिप्रिंटरच्या रुंदीत कोंबलेल्या ओळींऐवजी विमानाच्या संपूर्ण मार्गाचे, वेळेचे आणि उंचीचे तपशीलवार संगणकीय चित्र सर्व संबंधितांना एकाच वेळी पाहता यावे, अशी ही नवी पद्धत आहे. सध्याचा आराखडा नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारून घेण्यात आला होता. तो २०३४ पर्यंत वापरातून काढून टाकण्याचे आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियोजन आहे. तोपर्यंत काही देश नव्या पद्धतीने आणि काही जुन्या पद्धतीने संदेश पाठवतील. एकाच उड्डाणाची माहिती वाटेत कोठेतरी नव्यातून जुन्यात आणि जुन्यातून नव्यात रूपांतरित करावी लागेल. ब्रिटनमधील यंत्रणा ऑगस्ट २०२३ मध्ये अडखळली, ती अशाच दोन प्रकारच्या आराखड्यांची एकमेकांशी सांगड घालताना. अशा रूपांतराची यंत्रे येत्या काही वर्षांत भारतातील केंद्रांवरही बसवावी लागणार आहेत. दिल्लीच्या बिघाडाच्या ज्या सविस्तर चौकशीचे निर्देश देण्यात आले, तिचे निष्कर्ष ही यंत्रे विकत घेण्यापूर्वी निविदा लिहिणाऱ्यांच्या टेबलावर असायला हवेत.